विश्लेषण : तारा लावून बुजलेली दातांमधली फट पुन्हा का पडते? जिभेचा त्यात वाटा किती?

राहात्याचा पेरू हातात आला की मूल तो कुठून खायला सुरुवात करते, हे एकदा पाहावे. बहुतेक मुले समोरच्या दातांनी लचका तोडतात. काही मुले मात्र पेरू तोंडाच्या कोपऱ्यात नेतात आणि दाढांनी चावतात. भाकरीचा तुकडाही बाजूच्या दातांनीच तोडतात. शेवया दातांतून निसटतात. घरच्यांना ती खोड वाटते. प्रत्यक्षात त्या मुलाचे वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. दाढा मिटल्या तरी समोर फट उरते आणि गिळताना त्या फटीतून जिभेचे टोक डोकावते.

दंतवैद्यक याला ‘टंग थ्रस्ट’ म्हणते. दोन वर्षे तारा लावून, पैसे खर्चून बुजवलेली फट तारा काढल्यावर पुन्हा उघडते, तेव्हा हा शब्द अनेक पालकांच्या कानावर पहिल्यांदा पडतो. खरे तर तो त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी कळायला हवा होता.

टंग थ्रस्ट म्हणजे नेमके काय?

आवंढा गिळण्याची नेहमीची पद्धत अशी : ओठ सहज मिटलेले, दाढा हलकेच टेकलेल्या, जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर. मग जीभ टाळूला चिकटत मागे जाते आणि घास घशात ढकलते. टंग थ्रस्टमध्ये जीभ वर जाण्याऐवजी पुढे येते. ती दातांवर दाब देते किंवा दोन्ही दातांच्या मधून बाहेर डोकावते. तोंडातले बाहेर येऊ नये म्हणून ओठ आवळले जातात आणि हनुवटीवर सुरकुत्या पडतात.

तान्ह्या बाळाचे गिळणे असेच असते आणि त्यात काही चूक नाही. बाळाला दात नसतात. दूध ओढताना जीभ हिरड्यांच्या मध्ये येते, ओठ आणि गाल जोर लावतात. दुधाचे दात येतात, बाळ घट्ट खाऊ लागते, तशी ही पद्धत बदलत जाते. बहुतेक मुलांत हा बदल दोन ते चार वर्षांच्या दरम्यान होतो, काहींना सहावे वर्षही लागते. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची जीभ गिळताना पुढे आली, तर तो आजार नव्हे. सहा-सात वर्षांचे वय असेच फसवे असते. समोरचे दुधाचे दात पडलेले असतात, मोकळ्या जागेत जीभ जाणारच. कायमचे दात पूर्ण उतरले की ती आपसूक मागे जाते. प्रश्न उरतो तो त्यानंतरही पुढेच राहणाऱ्या जिभेचा.

फट जिभेमुळे पडते, की फटीमुळे जीभ पुढे येते?

दंतवैद्यकातला हा जुना वाद आहे आणि उपचाराची दिशा त्यावरच ठरते. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्ट वॉल्टर स्ट्रॉब यांनी १९६० मध्ये चुकीच्या गिळण्याला आणि त्यामागे बाटलीने दूध पाजण्याला जबाबदार धरले. त्यानंतर मुलांना ‘गिळायला शिकवण्याची’ लाटच आली. गिळणे सुधारा, दात आपोआप सुधारतील, असा त्यामागचा हिशेब होता.

तो हिशेब पुढे विल्यम प्रॉफिट या अभ्यासकाने तपासला. त्यांचा १९७८ मधील निबंध या विषयात आजही आधार मानला जातो. मुद्दा साध्या आकडेमोडीचा आहे. माणूस दिवसभरात साधारण १००० वेळा गिळतो. एका वेळी जीभ दातांना जेमतेम एक सेकंद दाबते. म्हणजे दिवसाला १००० सेकंद, जेमतेम १७ मिनिटे. दात हाडातून सरकायचा, तर त्यावर हलका का होईना, पण रोज निदान चार-सहा तास दाब लागतो. तारांचे कामही याच तत्त्वावर चालते : जोर थोडा, पण सतत. मग १७ मिनिटांच्या ढकलण्याने दात हलतीलच कसे?

उत्तर उरलेल्या वेळात आहे. गिळत नसताना, टीव्ही पाहताना, अभ्यास करताना, झोपेत जीभ कुठे पडलेली असते? ती टाळूला टेकून असेल तर वरचा जबडा आतून तोलला जातो आणि दात आपल्या उंचीपर्यंत उतरतात. ती खाली, पुढे, दातांच्या फटीत विसावली असेल तर समोरचे दात पूर्ण उतरत नाहीत. बाहेरून गाल दाबत राहतात, आतून जिभेचा आधार नसतो आणि वरचा जबडा अरुंद होत जातो. गिळताना जीभ पुढे येणे हे बऱ्याचदा या फटीचे कारण नसून परिणाम असतो. फट बंद केल्याशिवाय घास गिळता येत नाही, म्हणून जीभ ती बुजवते.

‘नीट गिळ’ असे मुलाला दिवसभर ओरडून काही होत नाही, ते यामुळेच. उपचार जिभेच्या मुक्कामावर व्हायला हवा, येण्या-जाण्यावर नव्हे. आणि जीभ खाली का उतरली, हे शोधल्याशिवाय मुक्काम बदलत नाही.

मग जीभ खाली का उतरते?

बऱ्याच वेळा नाकामुळे. नाक चोंदलेले असेल तर मूल तोंडाने श्वास घेते. तोंडाने श्वास घ्यायचा तर जीभ टाळूवरून खाली आणावीच लागते, नाही तर हवेची वाटच बंद होते. सतत सर्दी, ॲलर्जी, नाकाच्या मागे वाढलेल्या अॅडेनॉइड ग्रंथी, मोठे टॉन्सिल ही त्यामागची नेहमीची कारणे. अॅडेनॉइड साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात मोठ्या असतात आणि पुढे आकसत जातात. नेमक्या याच काळात जबडा आणि दात आकार घेत असतात. आ वासून झोपणारे, घोरणारे, सकाळी उशी लाळेने ओली असणारे मूल ‘गाढ झोपते’ असे घरात कौतुकाने सांगितले जाते. ते मूल एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायला हवे.

दुसरे मोठे कारण अंगठा चोखणे. अंगठा तासन् तास तोंडात असतो, त्यामुळे दाबाचा हिशेब तो एकटाच पूर्ण करतो. कायमचे पुढचे दात येण्याआधी, म्हणजे साधारण सहाव्या वर्षाच्या आत ही सवय सुटली, तर पडलेली फट बहुतेक वेळा आपोआप भरते. उशीर झाला की अंगठा सुटतो, पण तोपर्यंत तयार झालेल्या फटीत जीभ जाऊन बसते.

किडीमुळे दुधाचे दात वेळेआधी काढावे लागणे, जीभ प्रमाणाबाहेर मोठी असणे, डाऊन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सीसारख्या स्थितीत स्नायूंचा ताण वेगळा असणे, हीही कारणे असतात. काहींच्या चेहऱ्याची हाडांची ठेवणच अशी असते की फट वंशपरंपरेने येते. जिभेखालचा बंध आखूड असेल तर जीभ टाळूपर्यंत पोहोचत नाही, हे खरे. पण केवळ टंग थ्रस्टसाठी सरसकट बंध कापण्याला भक्कम पुरावा नाही. तिथे घाई नको.

बाटलीचे काय? एकट्या बाटलीवर ठपका ठेवणे आता मागे पडले आहे. पण दोन-तीन वर्षांपर्यंत बाटली तोंडात ठेवून झोपवणे दातांच्या किडीसाठीही वाईटच. आपल्याकडे वाटी-चमचा आणि बोंडले पूर्वापार आहेत. जाहिरातींमुळे स्तनपान मागे पडू नये म्हणून दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

बोलण्यावरून ओळखता येते का?

काही प्रमाणात. ‘स’ म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मागे राहून हवेची बारीक धार सोडते. जीभ दातांच्या मध्ये आली की ‘साखर’ची ‘थाखर’ होते आणि सायकलची ‘थायकल’. मराठीत ‘स’बरोबर आणखी काही अक्षरे घसरतात. ‘चांगला’, ‘चाक’, ‘चूल’ यातला च, ‘जागा’तला ज आणि ‘झाड’मधला झ हे दंत्य उच्चार आहेत. त्यांतही ‘स’सारखीच हवेची धार असते. ‘चहा’ आणि ‘चिमणी’तला तालव्य च ठीक, पण ‘चाक’ मात्र बोबडे, असे ऐकू आले तर ते लक्षण टिपून ठेवावे.

इथे एक सावधगिरी. मोबाइलवर सापडणाऱ्या परदेशी तक्त्यांत ‘टी’, ‘डी’ म्हणताना जीभ दातांना लागली तर दोष, असे लिहिलेले असते. इंग्रजीत ते उच्चार दातांच्या मागच्या उंचवट्यावर होतात. मराठीतले त, थ, द, ध मुळातच दंत्य आहेत. ते म्हणताना जीभ वरच्या दातांना लागलीच पाहिजे. तो तक्ता मराठी मुलाला लावला तर निरोगी मूलही सदोष ठरेल. पाहायचे ते एवढेच, की जिभेचे टोक दातांच्या मधून बाहेर दिसते का.

साधारण पाच वर्षांपर्यंत ‘स’ आणि ‘श’ घसरणे वावगे नाही. शिवाय सगळी बोबडी मुले टंग थ्रस्टची नसतात आणि टंग थ्रस्ट असलेली अनेक मुले स्वच्छ बोलतात. वर्गात नक्कल होऊ लागली की मूल वाचनाला उभे राहणे टाळते. ते नुकसान दातांच्या फटीपेक्षा मोठे असू शकते.

घरी काय पाहता येते?

मुलाला समोर बसवून घोटभर पाणी प्यायला द्यावे आणि गिळताना पाहावे. हनुवटी आवळून खड्डे पडतात का? ओठ घट्ट दाबले जातात का? दुसऱ्या घोटाला खालचा ओठ हलकेच बोटाने खाली धरला, तर जीभ दातांमधून दिसते का? मग मूल आपल्या नादात असताना, त्याच्या नकळत पाहावे : ओठ मिटलेले आहेत की उघडे? नाकासमोर स्टीलचा थंड चमचा धरला तर दोन्ही नाकपुड्यांची वाफ उमटते का?

मोबाइलचा इथे खरा उपयोग आहे. जेवतानाचा समोरून आणि बाजूने एकेक मिनिटाचा आणि झोपेतला एक असे व्हिडिओ काढून ठेवावेत. दवाखान्यात खुर्चीवर बसलेले मूल ओठ मिटून, शहाण्यासारखे गिळते. डॉक्टरांना खरी सवय दिसते ती या व्हिडिओत.

आणखी एक. मोबाइलवरच झोपताना तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे व्हिडिओही फिरत असतात. नाक चोंदलेल्या मुलाच्या तोंडाला पट्टी लावणे धोक्याचे आहे. ते मुळीच करू नये. ऑनलाइन मिळणाऱ्या सिलिकॉनच्या तयार ‘ट्रेनर’बाबतही तेच : नाक आणि दात तपासल्याशिवाय ते तोंडात घालण्यात अर्थ नाही.

उपचार कोणत्या क्रमाने?

क्रम इथे उपचाराइतकाच महत्त्वाचा आहे. आधी नाक. ॲलर्जीवर औषध, फवारा, गरज असल्यास अॅडेनॉइडची शस्त्रक्रिया. नाकाने श्वास घेता येत नसेल तर जीभ टाळूला लावून ठेवण्याचा कोणताही व्यायाम टिकणार नाही. मग अंगठ्याची सवय. ती मारून, कडू लावून किंवा चारचौघांत लाजवून सुटत नाही. मुलाला विश्वासात घेऊन, न चोखलेल्या दिवसांची कॅलेंडरवर खूण करून सुटते. झोपेतल्या चोखण्यासाठी रात्री हातमोजा उपयोगी पडतो.

त्यानंतर जिभेचे शिक्षण. हे काम वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट किंवा प्रशिक्षित दंतवैद्य करतात. पहिला धडा जागा ओळखण्याचा. ‘ल’ म्हणायला तोंड उघडावे आणि आवाज काढण्याआधीच थांबावे. जिभेचे टोक जिथे टेकले, साधारण तीच तिच्या विश्रांतीची जागा. दुसरा धडा खेड्यातल्या मुलांना लगेच जमतो. बैल हाकताना जीभ टाळूला चिकटवून ‘टॉक् टॉक्’ आवाज काढतात, तो. त्यात जिभेचा मागचा भागही वर उचलला जातो. हळहळताना काढतात तो ‘च्च च्च’ मात्र नको. तो जिभेच्या टोकाने दातांवरच निघतो. पुढचा टप्पा जीभ टाळूला चिकटवून ठेवून तोंड हळूहळू उघडण्याचा. मग त्याच स्थितीत आधी लाळ, मग पाणी, मग मऊ भात आणि शेवटी भाकरी गिळण्याचा.

हे व्यायाम दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे, काही महिने करावे लागतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत मूल आरशासमोर बरोबर गिळू लागते आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. बहुतेकांचा व्यायाम इथेच सुटतो. आरशासमोरचे गिळणे जाणीवपूर्वक असते. जेवताना, खेळताना, झोपेत जीभ जागेवर राहू लागली, तरच काम झाले म्हणायचे. या व्यायामांमागचा संशोधनाचा आधार मध्यम स्वरूपाचा आहे, हेही सांगायला हवे. नुसत्या व्यायामाने मोठी फट बुजते, असा दावा कोणी केला तर सावध व्हावे. दात सरळ करण्याच्या उपचारांना जोड म्हणून त्यांचे मोल जास्त.

सवय हटत नसेल तर दंतवैद्य ‘टंग क्रिब’ बसवतात. वरच्या दाढांना पट्ट्या बसवून टाळूच्या पुढच्या भागात तारेची छोटी जाळी लावली जाते. जीभ पुढे आली की तिला अडसर लागतो. काही उपकरणांत जिभेला खेळायला फिरता मणी असतो. ही शिक्षा नव्हे, आठवण आहे, हे मुलाला आधीच सांगावे. पहिले काही दिवस बोलणे जड होते, जेवायला वेळ लागतो. उपकरण सहसा सहा महिने ते वर्षभर ठेवतात. फट बुजल्यावरही काही महिने काढत नाहीत, कारण जिभेला नवी जागा अंगवळणी पडायला वेळ लागतो.

तारा त्यानंतर, बहुतेक कायमचे दात आल्यावर. मोठ्या वयात, हाडांचीच ठेवण बिघडली असेल तर जबड्याच्या वाढीनंतर शस्त्रक्रियेचाही विचार करावा लागतो. पुढच्या दातांमधली उभी फट हा उपचारानंतर उलटण्याची शक्यता मोठी असलेला दोष आहे. तारा लावण्याआधी पालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा : ‘जीभ विसाव्याला कुठे असते, हे तपासले का?’ उत्तर मिळाले नाही तर दुसरे मत घ्यावे.

कधी थांबायचे, कधी दाखवायचे?

चार वर्षांपर्यंत, घोरणे किंवा तोंडाने श्वास नसेल, तर वाट पाहायला हरकत नाही. नाकाची तक्रार असेल तर वय पाहू नये. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करून घ्यायला सांगते. तो संकेत आपल्याकडेही पाळण्याजोगा आहे. तपासणी म्हणजे लगेच तारा नव्हेत. पुष्कळदा ‘सहा महिन्यांनी या’ एवढाच सल्ला मिळतो. वरच्या दोन दातांमधली आडवी फट आठ-नऊ वर्षांच्या मुलांत नेहमीची असते, सुळे आल्यावर ती मिटते. चिंता करायची ती वरच्या-खालच्या दातांमधल्या उभ्या फटीची.

अहिल्यानगर जिल्ह्यात अडचण कुठे येते?

तज्ज्ञ नाहीत असे नाही. राहाता तालुक्यातील लोणीत प्रवरा संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. संगमनेरजवळ घुलेवाडीत एसएमबीटी दंत महाविद्यालय आहे, नगर शहराजवळही दंत महाविद्यालय आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयांत लहान मुलांच्या दातांचा आणि दंतरचनेचा असे स्वतंत्र विभाग असतात, खर्चही खासगीपेक्षा सहसा कमी येतो. अडचण अंतराची आहे. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या टोकाच्या गावातून महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने येऊन जाणे म्हणजे आई-बापाची एका दिवसाची मजुरी बुडणे. क्रिबची पट्टी सुटली, तार टोचू लागली, की आणखी एक खेप.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांपुढे याहून मोठा पेच असतो. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. सहा महिने चालणाऱ्या उपचाराच्या बरोबर मध्येच घर हलते. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते. अशा मुलांसाठी तोंडात बसवायच्या उपकरणाची सुरुवात कारखाने बंद झाल्यावर, उन्हाळ्यात करणे सोयीचे. हंगामाच्या काळात व्यायाम करून घेण्याची जबाबदारी आजीवर किंवा वसतिगृहातल्या शिक्षकांवर सोपवता येते. पण पहिल्या भेटीला त्यांना सोबत न्यायला हवे. आईला शिकवलेला व्यायाम आजीपर्यंत फोनवर नीट पोहोचत नाही.

शाळेतली तपासणी हा सर्वांत सोपा दरवाजा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरमध्ये झाली. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते. यादीत दात किडणे आहे, भाषाविकासातला विलंबही आहे. जिभेच्या सवयीचे वेगळे नाव नाही. पथक तोंडात पाहते ते किडलेल्या दातासाठी. त्यामुळे पालकांनी किंवा वर्गशिक्षकांनी स्वतःहून सांगावे : हे मूल पुढच्या दातांनी चावत नाही, तोंड उघडे ठेवून झोपते, ‘स’ नीट म्हणत नाही. तेवढ्यावर पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागता येते.

पहिल्या भेटीला जाताना सोबत तीन गोष्टी असाव्यात : मुलाचे ते व्हिडिओ, आधीच्या सर्दी-ॲलर्जीच्या औषधांचे कागद आणि दुधाचा पहिला दात कधी पडला याची आठवण. पेरू किंवा भाकरीचा तुकडा सोबत नेला तरी चालेल. मूल तो कुठल्या दातांनी तोडते, हे डॉक्टरांना तिथेच दिसेल.